बाराशे चेहरे आणि एक अ‍ॅक्शन

जून उजाडला की तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत शाळांची कामं येऊन पडतात. ओळखपत्रांसाठी मुलांचे फोटो. शाळा मोठी असली की बाराशे मुलं. फोटो काढून व्हायला दोन दिवस पुरतात, कारण मुलं रांगेनं येतात, स्टुलावर बसतात आणि अर्ध्या मिनिटात उठतात. खरं काम त्यानंतर संगणकावर सुरू होतं. फोटो उघडायचा, उजेड सारखा करायचा, कडा कापायच्या, ठरलेल्या मापाला आणायचा, किंचित शार्प करायचा, जेपेग म्हणून सेव्ह करायचा, बंद करायचा. मग पुढचा. सरावलेल्या हातालाही एका फोटोला दीड मिनिट लागतं. १,२०० फोटोंना १,८०० मिनिटं, म्हणजे ३० तास.

हे काम मी हातानं केलेलं आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगट आखडतं ते एक वेळ चालतं, पण त्याच सुमाराला नजरही बधिर होते. आठशेव्या फोटोतल्या मुलीचे डोळे मिटलेले आहेत हे दिसत नाही, कारण तोवर आपण चेहरे पाहणं सोडून दिलेलं असतं. फक्त खिडक्या उघडत आणि बंद करत असतो. चित्रसंपादनातलं ऑटोमेशन म्हटलं की लोक वेळ किती वाचला ते विचारतात. माझ्या लेखी त्याचा मोठा उपयोग हा, की ज्या कामाला नजर लागत नाही ते यंत्राकडे गेलं की नजर ताजी राहते.

पावलांची नोंद

असं काम यंत्राकडे सोपवण्याची सोय ज्या फोटोशॉपमध्ये आहे, त्याची सुरुवात १९८७ मधली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल यांनी पडद्यावर करड्या छटांची चित्रं दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यांचे भाऊ जॉन नोल चित्रपटांच्या स्पेशल इफेक्टसाठी नावाजलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये काम करत होते. दोघांनी मिळून तो वाढवला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अ‍ॅडोबीनं फोटोशॉपची पहिली आवृत्ती मॅकिंटॉशसाठी बाजारात आणली. तीच तीच पावलं नोंदवून ठेवण्याची सोय, म्हणजे अ‍ॅक्शन, मात्र १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत आली. आज आपल्याकडच्या स्टुडिओंत 'अ‍ॅक्शन मारली का?' हा रोजचा प्रश्न आहे.

अ‍ॅक्शनचं काम टेपरेकॉर्डरसारखं चालतं. लाल ठिपका दाबला की रेकॉर्डिंग सुरू. त्यानंतर तुम्ही दिलेली प्रत्येक आज्ञा तिच्या आकड्यांसकट लिहिली जाते. लेव्हल्समध्ये मधली मूठ १.१५ वर नेली असेल तर १.१५ हा आकडा नोंदला जातो. ती मूठ हलवताना तुम्ही दोनदा पुढेमागे गेलात, फोटोकडे डोळे बारीक करून पाहिलंत, पुन्हा थोडं कमी केलंत, यातलं काहीच नोंदलं जात नाही. यंत्राकडे पोचतो तो तुमच्या विचाराचा शेवट, म्हणजे आकडा. विचार तुमच्यापाशीच राहतो. ऑटोमेशन कुठं उपयोगी पडतं आणि कुठं फसतं याचं बरंचसं उत्तर एवढ्यात आलं.

एक साधं उदाहरण घेऊ. पासपोर्ट आकाराचा फोटो आपल्याकडे बहुधा ३५ बाय ४५ मिलिमीटर धरतात. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ते माप ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतं. चार बाय सहा इंचाचा कागद आडवा धरला तर त्याच मोजणीनं तो १,८०० बाय १,२०० पिक्सेल भरतो. आता फोटोभोवती पांढरी किनार वाढवून कॅनव्हास ४५० बाय ६०० केला, की त्या कागदावर आडवे चार आणि उभे दोन असे बरोबर आठ फोटो बसतात, एक पिक्सेलही वाया जात नाही. फोटो असे ओळीनं मांडून शीट भरणं ही स्टुडिओतली जुनी युक्ती. हे गणित एकदा डोक्यानं करायचं, एकदा हातानं करून नोंदवायचं आणि त्या अ‍ॅक्शनला की-बोर्डवरची एखादी फंक्शन की द्यायची. मग दारात उभं असलेलं गिऱ्हाईक चहा संपवायच्या आत आठ फोटो घेऊन जातं.

एखादं पाऊल दर फोटोला वेगळं असेल तर त्याचीही सोय आहे. अ‍ॅक्शनच्या यादीत आकड्यांची खिडकी असलेल्या प्रत्येक पावलाच्या डावीकडे एक छोटा चौकोन असतो. तो चालू केला की अ‍ॅक्शन त्या पावलाशी थांबते, खिडकी उघडते आणि तुमच्या आकड्याची वाट पाहते. आठ पावलांपैकी सात यंत्रानं करायची आणि एका ठिकाणी माणसाला विचारायचं, अशी वाटणी त्यामुळं करता येते. नव्यानं शिकणारे या चौकोनाकडं सहसा लक्ष देत नाहीत. माझ्या मते अख्ख्या अ‍ॅक्शनमधली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच आहे.

सुरुवात कॅमेऱ्यापाशी

अ‍ॅक्शनला चेहरा कुठं आहे ते कळत नाही. तुम्ही पहिल्या फोटोत जिथं कापलंत, तिथंच ती बाराशे वेळा कापेल. म्हणून हे ऑटोमेशन संगणकाच्या कितीतरी आधी, शाळेच्या वर्गात सुरू होतं. कॅमेरा तिपाईवर पक्का. स्टूल जिथं ठेवायचं तिथं जमिनीवर चिकटपट्टीची खूण. पहिलीतली मुलं आणि दहावीतली मुलं यांच्यासाठी वेगळ्या उंचीची स्टुलं. दोन दिवे एकाच जागी, आणि कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता हातानं बांधलेला. एवढं केलं की प्रत्येक चेहरा चौकटीत जवळपास त्याच जागी येतो. फोटो काढतानाची शिस्त नसेल तर पुढं कितीही हुशार अ‍ॅक्शन लिहा, कुणाची हनुवटी कापली जाईल आणि कुणाच्या डोक्यावर वीतभर भिंत राहील.

रेकॉर्ड करतानाही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकायचं असेल आणि ते पिक्सेल मोजून ठेवलं असेल, तर मोठ्या फोटोवर ते कोपऱ्याऐवजी भलतीकडेच पडतं. उपाय असा की रेकॉर्डिंगच्या आधी पट्टीचं एकक टक्क्यांवर न्यावं. मग नोंद प्रमाणात होते आणि कोणत्याही मापाच्या फोटोवर बरोबर बसते. लग्नाच्या फोटोंत आडवे आणि उभे मिसळलेले असतात. 'रुंदी १,२०० करा' असं नोंदवलं तर उभे फोटो नको तेवढे मोठे होतात. त्यासाठी ऑटोमेट मेनूत 'फिट इमेज' नावाची आज्ञा आहे. तिला १,२०० बाय १,२०० ची चौकट दिली की आडव्या फोटोची रुंदी आणि उभ्या फोटोची उंची तेवढी होते, दुसरी बाजू आपोआप प्रमाणात येते. आणि शार्प करण्याचं पाऊल नेहमी माप बदलल्यानंतर घ्यावं. आधी घेतलं तर फोटो लहान होताना त्याचा परिणाम बराचसा पुसला जातो.

एकदम सगळी फोल्डर

अ‍ॅक्शन एका फोटोवर नीट चालली की ती पूर्ण फोल्डरवर चालवता येते. याला बॅच म्हणतात. कोणती अ‍ॅक्शन, कोणत्या फोल्डरमधले फोटो आणि तयार फोटो कुठं ठेवायचे, इतकं सांगायचं आणि सुरू करायचं. वारंवार लागणाऱ्या अ‍ॅक्शनचं ड्रॉपलेट करता येतं. ते डेस्कटॉपवरचं एक चिन्ह असतं. त्याच्यावर फोल्डर नेऊन सोडलं की काम सुरू. फोटोशॉप न शिकलेला मदतनीसही ते वापरू शकतो.

इथली एक अडचण जवळपास प्रत्येकाला एकदा तरी भेटते. अ‍ॅक्शन रेकॉर्ड करताना आपण फोटो एखाद्या नावानं सेव्ह केलेला असतो, आणि ते नावही नोंदलं जातं. बॅच चालली की सगळे फोटो त्याच नावानं, एकावर एक सेव्ह होत जातात आणि शेवटी फोल्डरमध्ये एकच फोटो उरतो. त्यावरचा इलाज बॅचच्या खिडकीतच आहे. 'ओव्हरराइड अ‍ॅक्शन सेव्ह अ‍ॅज कमांड्स' या ओळीपुढे खूण केली की नाव आणि जागा बॅच ठरवते, जेपेगचा दर्जा तेवढा अ‍ॅक्शनमधून घेतला जातो. ही खूण करायची तर अ‍ॅक्शनमध्ये सेव्ह अ‍ॅजचं पाऊल असलंच पाहिजे, नाहीतर काहीच सेव्ह होत नाही. त्याच खिडकीत चुकांची नोंद फाइलमध्ये करण्याचा पर्याय असतो. तो निवडला तर एखादी फाइल खराब निघाली म्हणून रात्री लावलेलं काम तिथंच अडून बसत नाही.

याहूनही पक्का नियम एकच: मूळ फोटोंना हात लावायचा नाही. मूळ एका फोल्डरमध्ये, तयार दुसऱ्या फोल्डरमध्ये. जेपेग दर वेळी नव्यानं सेव्ह करताना थोडी माहिती गमावतो आणि ती परत मिळत नाही. हातानं काम करताना चूक झाली तर एक फोटो जातो. बॅचमध्ये झाली तर सगळे जातात.

नावांच्या बाबतीत मी स्वतः एक धडा शिकलो आहे. एका शाळेच्या यादीप्रमाणे फोटोंना हजेरी क्रमांक ओळीनं देऊन टाकले. एका वर्गातला एक मुलगा त्या दिवशी गैरहजर होता. त्याच्या क्रमांकावर पुढच्याचा फोटो गेला, पुढच्याच्या क्रमांकावर त्याच्या पुढच्याचा, आणि वर्गाच्या शेवटापर्यंत सगळी नावं एकेका घरानं सरकली. ओळखपत्र छापायच्या आधी वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक मूल फोटोच्या वेळी क्रमांक लिहिलेली पाटी छातीशी धरतं. ती चौकटीच्या खालच्या भागात येते आणि कापताना निघून जाते. मूळ फोटोत मात्र नाव आणि चेहरा यांची गाठ पक्की राहते.

जर आणि तर

अ‍ॅक्शन ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवते. तिला फोटो पाहून मार्ग बदलायला सांगायचं असेल तर बहुतेक वेळा स्क्रिप्ट लिहावी लागते. फोटोशॉप जावास्क्रिप्टमधल्या आज्ञा समजतं. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जाचं उदाहरण घ्या. तिथं फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीच्या दरम्यान लागतो, सही १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची. माप अ‍ॅक्शनला जमतं. केबी जमत नाहीत, कारण एकाच दर्जानं सेव्ह केलेले दोन फोटो वेगवेगळ्या वजनाचे होतात. साध्या पडद्यापुढचा फोटो हलका, फुलाफुलांच्या साडीतला जड. स्क्रिप्ट इथं विचारू शकते: फाइल ५० केबीपेक्षा मोठी झाली का? झाली असेल तर दर्जा एक पायरी खाली आण, पुन्हा सेव्ह कर, पुन्हा तपास. दहा-बारा ओळींचं काम, पण अर्ज भरून देणाऱ्या दुकानात दिवसातून पन्नासदा लागणारं.

ओळखपत्रांच्या मांडणीसाठी फोटोशॉपमध्ये व्हेरिएबल्स आणि डेटा सेट नावाची सोय आहे. ओळखपत्राचा एक नमुना करायचा, त्यातला कोणता मजकूर आणि कोणतं चित्र बदलायचं ते सांगायचं, आणि नाव, वर्ग, फोटोचा पत्ता असे रकाने असलेली यादी जोडायची. प्रत्येक ओळीचं एक ओळखपत्र तयार होतं. मराठी नावांसाठी मात्र आधी चाचणी घ्यावी. शाळेकडून यादी बहुधा युनिकोडमध्ये येते. स्टुडिओत अजून युनिकोडपूर्वीचे फॉन्ट वापरात असतील तर 'हर्षदा' हे नाव अनोळखी खुणांची ओळ होऊन बसतं. फॉन्ट युनिकोड असला, पण फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीतली मजकूर मांडण्याची पद्धत दक्षिण आशियाई लिप्यांसाठी निवडलेली नसली, तर रफार सुटतो, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं तुटतात. प्रेफरन्सेसच्या मेनूत ती पद्धत एकदा बदलली की प्रश्न मिटतो. म्हणून पूर्ण यादी चालवण्याआधी 'कृष्णा', 'श्रीनिवास', 'हर्षदा' अशी तीन नावं घालून पाहावीत. मुलाच्या गळ्यात वर्षभर लटकणाऱ्या ओळखपत्रावर त्याचं नाव मोडकं असू नये.

हे सगळं विकतच्या सॉफ्टवेअरशिवायही करता येतं. गिंप हा मोफत प्रोग्रॅम स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केला. त्यात फोटोशॉपसारखं रेकॉर्डिंग नाही, पण स्क्रिप्ट-फू या नावानं स्क्रिप्ट लिहिण्याची सोय आहे. इमेजमॅजिक तर आणखी आधीचं. ड्यूपाँ कंपनीत काम करणाऱ्या जॉन क्रिस्टी यांना लाखो रंगांची चित्रं एका वेळी फक्त २५६ रंग दाखवू शकणाऱ्या पडद्यांवर दाखवायची होती. त्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्यांनी १९९० च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्याला खिडक्या लागत नाहीत, बटणं लागत नाहीत. एक ओळ टाइप करायची: या फोल्डरमधले सगळे जेपेग इतक्या मापाचे करा, ५० केबीच्या आत बसवा. जुन्या संगणकावरही हजार फोटो तो निमूटपणे करतो. त्यातली मोग्रिफाय ही आज्ञा मात्र जपून वापरावी. वेगळी जागा सांगितली नाही तर ती मूळ फाइलवरच लिहिते.

भंडाऱ्याचा पिवळा

इथवर सांगितलं ते कसं करायचं. काय करू नये हे माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं आहे.

आज्ञा दोन जातींच्या असतात. एक ठरलेल्या आकड्याची: प्रत्येक फोटोचा उजेड इतकाच वाढव. दुसरी ऑटो: प्रत्येक फोटो पाहून काय करायचं ते तूच काढ. ऑटो जास्त हुशार वाटते, म्हणून लोक ती बिनधास्त बॅचमध्ये घालतात. ऑटो कलर ही आज्ञा फोटोतल्या मधल्या छटा कोणत्या रंगाकडं झुकल्या आहेत ते पाहते आणि तो झुकाव काढून त्यांना करड्याच्या जवळ आणते. ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडात काढलेला फोटो ती छान सुधारते. आता हीच आज्ञा सोमवती अमावस्येला जेजुरीत काढलेल्या फोटोंवर चालवून पाहा. हवेत भंडारा, पायऱ्यांवर भंडारा, माणसांच्या केसांत आणि कपाळावर भंडारा. आज्ञेच्या हिशेबात हा पिवळा झुकाव आहे, आणि तो ती काढू लागते. खंडोबाचा गड फिका, धुरकट दिसतो. लग्नातल्या हळदीच्या फोटोंचं तेच होतं. नवरीच्या गालावरची हळद अ‍ॅक्शननं धुऊन काढलेली मी पाहिली आहे.

ठरलेला आकडाही निर्दोष नसतो. आपल्या स्टुडिओंत चेहरा 'उजळ' करण्याची सवय जुनी आहे. गिऱ्हाईकानं मागितलं नाही तरी हात आपोआप तिकडं वळतो. हातानं काम करताना निदान दर फोटोला एक क्षण येतो, ज्यात आपण थांबू शकतो. अ‍ॅक्शनमध्ये ती सवय एकदा नोंदली गेली की बाराशे सावळ्या, गव्हाळ, काळ्या मुलांचे चेहरे एकाच दमात गोरे होऊन बाहेर पडतात. शाळेनं दिलेल्या ओळखपत्रावर मुलाला आपला रंग दुरुस्त केलेला दिसतो. हे कुणी ठरवून केलेलं नसतं. रेकॉर्डिंग चालू असताना सवयीनं ओढलेली एक मूठ असते, तेवढंच. म्हणून माझ्या शाळेच्या अ‍ॅक्शनमध्ये त्वचेचा रंग बदलणारं एकही पाऊल नाही. उजेडाचा आकडा मी करडं कार्ड धरून काढलेल्या फोटोवरून ठरवतो. चेहऱ्यावरून ठरवत नाही.

नवी साधनं हा प्रश्न आणखी पुढं नेतात. २०१८ च्या सुरुवातीला फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट' आलं. यंत्रच फोटोतलं माणूस ओळखून निवडतं, आणि हे पाऊल अ‍ॅक्शनमध्येही नोंदवता येतं. पाठीमागचा पडदा बदलण्याचं कंटाळवाणं काम त्यामुळं खूप हलकं झालं. कुरळे केस, गजऱ्याची सुटलेली फुलं, झिरझिरीत ओढणी, इथं मात्र ते अजून अडखळतं. कुठं अडखळलं ते सांगायला शेवटी कुणीतरी पाहावं लागतं.

चाळीस पानं

म्हणून बॅच संपल्यावर मी लगेच फाइल लॅबला पाठवत नाही. ऑटोमेट मेनूतच कॉन्टॅक्ट शीटची आज्ञा आहे. रोलच्या जमान्यात डार्करूममध्ये निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर ठेवून सगळे फोटो एकत्र पाहत, त्याचंच हे नवं रूप. एका पानावर आडवे पाच आणि उभे सहा असे तीस चेहरे, खाली फाइलचं नाव. १,२०० मुलांची ४० पानं होतात. ती छापून टेबलावर मांडायची, शेजारी शाळेची यादी आणि हातात लाल पेन घ्यायचं.

तीस चेहरे शेजारी शेजारी आले की चूक उठून दिसते. एक फोटो बाकीच्यांपेक्षा काळपट. एका मुलीचे डोळे मिटलेले. एक मुलगा इतका खाली बसलेला की कपाळच कापलं गेलं. एकाच्या गणवेशाची कॉलर आत दुमडलेली. अशा फोटोंवर गोल करायचा, मूळ फोल्डरमधून तेवढेच उघडायचे आणि हातानं, सावकाश दुरुस्त करायचे. डोळे मिटलेल्या मुलीसाठी शाळेला फोन करायचा आणि तिला पुन्हा बसवायचं. या कामाला मला तीन-चार तास लागतात. पूर्वी तीस तास लागायचे आणि ती मुलगी सुटून जायची. आता प्रत्येक पानावर रेंगाळायला फुरसत असते, आणि चाळिसाव्या पानावरही चेहरे चेहऱ्यांसारखेच दिसतात.